मकावला पोपट म्हणावं का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नववीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलं घरी दखनी बोलतात, बाकीच्या तासांना उर्दूत लिहितात आणि माझ्या तासाला मराठीत विचार करायचा मनापासून प्रयत्न करतात. 'माझा आवडता पक्षी' हा निबंध मी दिला होता. एका मुलीने निबंधाच्या वर सुंदर चित्र काढलं होतं. निळी पाठ, पिवळं पोट, पांढऱ्या गालांवर बारीक काळ्या रेघा आणि लांबलचक शेपटी. खाली लिहिलं होतं, 'माझा आवडता पक्षी पोपट आहे. तो पोपटी रंगाचा नसतो.'

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, पोपट तो हरा होता है. ये कैसा पोपट?" ती मुलगी चिडली. "फिर क्या लिखूँ? मराठी में इसको क्या बोलते, आपही बताओ." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "उद्या सांगते." खरं तर मला ठाऊक नव्हतं. इंग्रजीत त्याला 'मॅकॉ' म्हणतात एवढं माहीत होतं. पण मराठीत काय, उर्दूत काय, हा प्रश्न वीस वर्षांच्या नोकरीत कधी पडलाच नव्हता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. त्याचा मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला होता आणि बक्षीस म्हणून त्याला 'तो मोठा रंगीत पोपट' हवा होता. शहरातल्या एका दुकानात दोघं जाऊन बघूनही आले होते. किंमत लाखाच्या पुढे. दुकानदार म्हणाला होता, "कागदपत्रांचं नंतर बघू, शेवटी पोपटच तर आहे." भाऊ मला म्हणाला, "आपा, तू शिकलेली आहेस. घ्यावा की नाही, सांग."

असे दोन प्रश्न एकदम समोर आले. एक नावाचा, एक घेण्याचा. शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं की दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

पोपट म्हणजे हिरवा

आधी वर्गातल्या त्या मुलाचं म्हणणं बघू. तो चुकीचं बोलत नव्हता. मराठीने पोपटाच्या नावावरून एक रंगच तयार केला आहे, पोपटी. साडी पोपटी, भिंत पोपटी, कोवळी पालवी पोपटी. उर्दूतही तेच, तोतई रंग म्हणजे हिरवाच. आपल्या दोन्ही भाषांनी जो पक्षी रोज पाहिला तो हिरवा होता, म्हणून हिरवेपणा त्या नावातच मुरला. अशा भाषेत 'लाल पोपट' म्हटलं की ऐकणाऱ्याला अडखळायला होतं.

या हिरव्या पक्ष्याला मराठीत नावांची कमतरता नाही. पोपट आहे, राघू आहे, जुन्या मराठीत रावा आहे, संस्कृतातून आलेले शुक आणि कीर आहेत. मानेभोवती गुलाबी-काळा कंठ असलेला तो नेहमीचा पोपट. त्याच्याहून मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला तो करण पोपट. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात निळसर पंखांचा पोपट दिसतो. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातली नोकरी करता करता आदिवासी आणि खेडुतांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली आणि 'पक्षीकोश' सिद्ध केला. तो चाळला की कळतं, लोक ज्या पक्ष्याबरोबर राहतात त्याला बारकाईने नावं देतात. ज्याच्याबरोबर राहिले नाहीत त्याला नावच नसतं.

उर्दूत या पक्ष्याने आणखी एक गंमत करून ठेवली आहे. फारसीतला 'तूती' आपल्याकडे 'तोता' झाला. पण लिहायचा कसा? 'ते' ने की 'तोए' ने? व्याकरण जाणणारे म्हणतात, शब्द अरबी नाही, तेव्हा साधा 'ते' पुरे. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक 'तोए' नेच लिहीत आले. उर्दूच्या तासाला मुलं हमखास विचारतात आणि आम्ही शिक्षक हमखास वाद घालतो. बोलणाऱ्या पक्ष्याचं नाव कसं लिहायचं यावर माणसांचं एकमत होत नाही, हे मला नेहमी मजेशीर वाटतं.

वाक्प्रचार पाहिले तर दोन्ही भाषांनी पोपटाला जरा कमीच लेखलं आहे. न समजता पाठ म्हणणं म्हणजे पोपटपंची. फजिती झाली की 'पोपट झाला'. उर्दूत घाबरगुंडी उडाली की हातातले तोते उडतात, आणि ओळख विसरून नजर फिरवणारा माणूस 'तोताचश्म' ठरतो. लाडाचं नाव मात्र एकच उरलं, मिठू. ते मराठी घरातही चालतं आणि आमच्या घरातही 'मियाँ मिठू' म्हणून चालतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला आपण गोड नाव दिलं.

आपला पोपट, परक्यांचं नवल

आपल्याला जसं त्या निळ्या-पिवळ्या पक्ष्याचं नवल वाटतं, तसंच नवल एकेकाळी जगाला आपल्या हिरव्या पोपटाचं वाटत होतं. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी इराणच्या बादशहाच्या दरबारी टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य होता. त्याने हिंदुस्थानाविषयी पुस्तक लिहिलं आणि त्यात माणसासारखं बोलणाऱ्या 'बित्ताकोस' नावाच्या पक्ष्याचं वर्णन केलं. तो पक्षी हिंदी लोकांची भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असं त्याने नोंदवलं. पुढे ग्रीकांनी त्याला 'सित्ताकोस' म्हटलं. आज शास्त्रज्ञ पोपटांच्या साऱ्या कुळाला जे लॅटिन नाव देतात, ते याच शब्दावरून आलं आहे. म्हणजे जगभरच्या पोपटांच्या शास्त्रीय नावात आपल्या मातीतल्या पक्ष्याची आठवण आहे.

अरबीत पोपटाला 'बबगा' म्हणतात. अभ्यासकांचं म्हणणं असं की हाच शब्द मध्ययुगात युरोपात गेला आणि स्पॅनिशमध्ये 'पापागायो', पोर्तुगीजमध्ये 'पापागायु', जर्मनमध्ये 'पापागाय' झाला. मौलाना रूमी (र.) यांच्या मसनवीत एका व्यापाऱ्याच्या पोपटाची गोष्ट आहे. व्यापारी हिंदुस्थानच्या प्रवासाला निघतो तेव्हा पिंजऱ्यातला पोपट त्याला सांगतो, तिथल्या माझ्या भाईबंदांना माझा सलाम सांग आणि माझी हालत सांग. निरोप ऐकून तिथला एक पोपट झाडावरून मेल्यासारखा खाली पडतो. परत येऊन व्यापारी ही हकीकत सांगतो तर त्याचाही पोपट निपचित पडतो. दुःखाने तो त्याला पिंजऱ्याबाहेर काढतो आणि पोपट भुर्रकन उडून जातो. भाईबंदाने सुटकेची युक्ती पाठवली होती.

ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती, पण त्यातला एक तपशील आता लक्षात आला. रूमींच्या दृष्टीने पोपटाचं घर हिंदुस्थान होतं. पिंजऱ्यातला पक्षी परदेशात होता आणि त्याचे आपले लोक आपल्या झाडांवर बसले होते. आपल्याकडच्या शुकसप्ततीच्या कथाही याच वाटेने बाहेर गेल्या. बदायूँच्या जियाउद्दीन नखशबीने चौदाव्या शतकात फारसीत 'तूतीनामा' लिहिला, सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या गव्वासीने तो दखनीत आणला आणि मराठीतही 'शुकबहात्तरी' झाली. गोष्टी सांगणारा पोपट संस्कृत, फारसी, दखनी, मराठी सगळ्या घरांत सारखाच नांदला.

काजू, अननस आणि मकाव

आता तो निळा-पिवळा पक्षी. त्याचं घर मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत, मुख्यतः ब्राझील आणि ॲमेझॉनचं जंगल. पोर्तुगीज 1500 साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले तेव्हा या पक्ष्यांनी त्यांचे डोळे इतके दिपले की त्या काळी त्या भूमीला 'पोपटांचा देश' असंही म्हटलं गेलं. 1502 च्या एका प्रसिद्ध नकाशात ब्राझीलच्या जागी मोठे रंगीत पोपटच काढलेले आहेत. तिथले मूळ रहिवासी तुपी लोक त्याला 'अरारा' म्हणत. त्याच्या ओरडण्यासारखंच नाव. 'मकाव' किंवा 'मकाऊ' हे नाव पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेलं. तिथल्या एका ताडाच्या जातीचं नाव 'मकाऊबा' आहे आणि त्याची टणक फळं हे पक्षी फोडून खातात. कदाचित तिथूनच हे नाव पडलं असावं.

इथे मला आपला गोवा आठवला. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीज जहाजांनी ब्राझीलकडच्या अनेक गोष्टी आपल्या किनाऱ्यावर उतरवल्या. काजू हा शब्द मुळात तुपी लोकांचा. अननसही त्यांचाच. दोन्ही पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले आणि आज कोकणातल्या माणसाला काजू परका वाटत नाही. प्राणी-पक्षीही याच दाराने आले. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून बादशहा जहांगीरसाठी काही अपूर्व प्राणी आणले, त्यात टर्की कोंबडाही होता. जहांगीरने त्याचं वर्णन आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं.

मग काजू, अननस मराठी झाले आणि मकाव का नाही झाला? मला वाटतं, काजू आणि अननस इथल्या मातीत रुजले. मकाव आला तो फक्त राजेरजवाड्यांच्या आणि हौशी श्रीमंतांच्या पिंजऱ्यात. जो झाडावर दिसत नाही त्याला लोक नाव कशाला देतील?

म्हणून आज आपण त्याला मिळेल ते नाव देतो. कुणी 'काकाकुवा' म्हणतं, पण तो शब्द मलय भाषेतून आलेला आणि वेगळ्या पक्ष्याचा. काकाकुवा बहुधा पांढरा, डोक्यावर तुरा असलेला, ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडचा. कुणी 'शाही पोपट' म्हणतं, पण ते नाव आपल्याच मोठ्या पोपटाकडे जातं. दुकानात छोट्या बजरीगरला 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, तिथे मकाव 'मोठा तोता' झाला तर नवल काय? वर्तमानपत्रं 'मॅकॉ' लिहितात. उर्दूत 'मकाव' लिहितात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर लिहिलं, 'मकाव: पोपटाच्या कुळातला, अमेरिका खंडातल्या जंगलात राहणारा मोठा रंगीत पक्षी.' मुलांना सांगितलं, पोपट हे कुळाचं नाव म्हणून चालेल, पण याचं स्वतःचं नाव मकाव. काजू आणि अननसाचा तो गाववाला आहे. मराठीत आणि उर्दूत एकच शब्द चालतो म्हटल्यावर वर्ग खूश झाला. एक शब्द कमी पाठ करायचा!

पण हा पक्षी आहे तरी कसा?

नाव मिळालं, आता माणूस जसा नावानंतर गावाची चौकशी करतो तशी मी केली. मकावच्या आज सतरा-अठरा जाती आहेत. आपल्याकडे विकला जातो तो बहुतेक निळा-पिवळा. चोचीपासून शेपटीपर्यंत तीन फुटांच्या आसपास, वजन साधारण एक किलो. सगळ्यांत मोठा गर्द निळा हायसिंथ मकाव, त्याची लांबी मीटरभर. चोच एवढी ताकदवान की आपण ज्यावर हातोडा मारू ते ताडाचं फळ तो सहज फोडतो. निळ्या-पिवळ्याच्या गालावर पिसांच्या ज्या बारीक काळ्या रेघा असतात, त्यांची नक्षी प्रत्येक पक्ष्याची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी.

रंगांची कहाणी तर थक्क करणारी. लाल-पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते फक्त पोपटांच्याच कुळात सापडतं. आणि निळा रंग? त्यासाठी द्रव्यच नसतं. पिसाच्या आतली सूक्ष्म रचना प्रकाशातला निळा तेवढा आपल्याकडे परत पाठवते. पीस कुटून भुकटी केली तर निळेपणा नाहीसा होतो. सूरह रूममध्ये अल्लाहने माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असण्याला आपली निशाणी म्हटलं आहे. मी दोन भाषा शिकवते, म्हणून ही आयत मला नेहमीच जवळची वाटते. सूरह फातिरमध्ये डोंगर, माणसं आणि जनावरं यांच्या वेगवेगळ्या रंगांचाही उल्लेख येतो.

जंगलात मकाव जोडीने राहतात. जोडी बहुधा आयुष्यभराची. थवा उडतानाही जोडीतले दोघे पंखाला पंख लावून चाललेले दिसतात. घरटं जुन्या झाडाच्या ढोलीत. ब्राझीलच्या पांतानाल भागातले बहुतेक हायसिंथ मकाव 'मांदुवी' नावाच्या एकाच जातीच्या झाडात घरटं करतात. त्या झाडाच्या बिया पसरवतो टूकन नावाचा दुसरा पक्षी, आणि तोच टूकन मकावची अंडीही खातो. ज्याच्यामुळे नुकसान, त्याच्यामुळेच घर. इतकी नाजूक वीण आहे ती.

ही वीण माणसाने उसवली. 1980 च्या दशकात हायसिंथ मकाव हजारोंनी पकडून विकले गेले. पुढे नेइवा गेडेस या ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञ बाईंनी 1990 पासून झाडांवर चढून घरटी सांभाळली, लाकडी पेट्या लावल्या, तेव्हा कुठे त्यांची संख्या सावरली. 'रिओ' हा चित्रपट तुमच्या मुलांनी पाहिला असेल. त्यातला निळा नायक स्पिक्स जातीचा मकाव आहे. चित्रपट आला 2011 मध्ये, पण रानातला शेवटचा स्पिक्स मकाव 2000 सालीच दिसेनासा झाला होता. 2019 मध्ये तो निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पिंजऱ्यात वाढवलेले काही पक्षी 2022 च्या जूनमध्ये पुन्हा ब्राझीलच्या रानात सोडले गेले. मुलं पडद्यावर ज्याला हसत होती, तो रानात उरलाच नव्हता.

'शेवटी पोपटच तर आहे'

आता दुकानदाराच्या त्या वाक्याकडे येते. ते वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे.

एक, 'पोपटच तर आहे' म्हणजे पाळायला हरकत नाही, असा आपला समज. उलट आपला हिरवा पोपट पाळणं हाच गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2022 च्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 2023 पासून आपले देशी पोपट अनुसूची दोनमध्ये आहेत. त्यांना पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गल्लीत टोपलीखाली पिल्लं झाकून विकणारा आणि 'सवाब मिळेल' म्हणून विकत घेऊन पाळणारा, दोघेही कायद्यापुढे एकाच ओळीत उभे राहतात.

दोन, मकाव देशी नाही, म्हणून तो त्या यादीत नाही. पण तो मोकळाही नाही. धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'साइट्स' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत 1976 पासून त्यात आहे. मकावच्या सगळ्या जाती त्या करारात येतात. 2022 च्या दुरुस्तीने या करारातल्या प्राण्यांसाठी अनुसूची चार केली आणि फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी नोंदणी सक्तीची झाली. केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर ती करायची. पक्षी घेतला, दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा पक्षी मेला, तरी ठरलेल्या मुदतीत कळवायचं. 'कागदपत्रांचं नंतर बघू' असं म्हणणारा माणूस तुम्हाला फक्त पक्षी विकत नाही, एक चौकशीही विकतो.

म्हणजे नाव नीट घेतलं नाही तर कुठला कायदा लागू होतो तेही कळत नाही. 'पोपट' म्हटलं की देशी पक्षी मुकाट पिंजऱ्यात जातो आणि 'पोपटच' म्हटलं की परदेशी पक्षी कागदाविना घरात येतो.

अमानत

भावाने विचारलं होतं, दीनच्या दृष्टीने काही हरकत आहे का? पक्षी पाळणं मुळात हराम नाही. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक लहानसा पक्षी होता. नबी करीम (स.) त्यांच्या घरी येत तेव्हा त्या पोराशी पक्ष्याबद्दल प्रेमाने बोलत. पक्षी मेला आणि मूल उदास झालं, तर त्याची समजूतही त्यांनी त्याच लाडिक बोलण्याने घातली. ही हदीस बुखारीत आहे आणि तिच्या आधारे अनेक उलमा म्हणतात की खाण्यापिण्याची काळजी घेतली, त्रास दिला नाही, तर पक्षी पाळता येतो.

पण याच्या शेजारी आणखी दोन हदीस ठेवल्या पाहिजेत. एका बाईने मांजर बांधून ठेवलं, ना खायला दिलं ना स्वतः शोधून खाऊ दिलं, म्हणून ती अजाबाची धनी झाली. आणि अबू दाऊदमधली ती हदीस: प्रवासात काही साथीदारांनी एका पक्षिणीची पिल्लं उचलली. ती त्यांच्यावर घिरट्या घालू लागली. नबी करीम (स.) यांनी पाहिलं आणि पिल्लं तिला परत द्यायला लावली. आपल्याकडे विकायला येणारी पोपटाची पिल्लं अशीच ढोलीतून काढलेली असतात. ती पक्षीण मात्र आपल्याला दिसत नाही.

मकावच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नीट सांभाळला तर हा पक्षी पन्नास-साठ वर्षं जगतो. माझा भाऊ आज चाळिशीत आहे. भाचा सोळाचा. पक्षी घेतला तर भावानंतरही तो असणार, कदाचित भाच्याच्या म्हातारपणीही. हा पक्षी थव्यात राहणारा, तासन्‌तास बोलणारा, ओरडणारा. एकटा पडला तर स्वतःची पिसं उपटतो. कोंढव्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे सकाळी सगळे कामावर आणि शाळेत, तिथे त्याच्याशी दिवसभर बोलणार कोण? घरदार, सोनंनाणं यांच्याबद्दल आपण वसीयत करतो. या जिवाचं काय? बक्षीस एका दिवसाचं असतं, अमानत साठ वर्षांची.

हे सगळं मी भाच्याला बसवून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फुफी, पर दादी का मिठू भी तो था ना?"

होता. माझ्या अम्मीने आम्ही लहान असताना पोपट पाळला होता. भवानी पेठेतल्या जुन्या घरात, खिडकीला टांगलेला. अब्बा सकाळी फजरच्या नमाजहून येताना त्याच्यासाठी हिरवी मिरची आणत. तो अम्मीच्या आवाजात आम्हाला हाका मारायचा आणि आम्ही फसायचो. दर काही महिन्यांनी कात्रीने त्याचे पंख कातरत. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, सगळ्यांच्या घरी तसंच होतं. संध्याकाळी वरून पोपटांचा थवा किलबिलत जायचा तेव्हा मात्र तो बोलणं थांबवायचा आणि मान वाकडी करून आभाळाकडे बघत राहायचा. मी एकदा अम्मीला विचारलं होतं, तो काय ऐकतोय? अम्मी म्हणाली होती, "अपने लोगों की बोली."

सूरह अनआममध्ये फरमावलं आहे की जमिनीवर चालणारे आणि दोन पंखांनी उडणारे हे सगळे तुमच्यासारखेच समुदाय आहेत. अम्मीला ती आयत तेव्हा आठवली होती की नाही, मला माहीत नाही. पण तिने शब्द बरोबर वापरला होता. 'लोग.' भाच्याला मी हेच सांगितलं. म्हटलं, दादीचा मिठू होता आणि ती चूक होती. प्रेमाने केलेली, नकळत केलेली, पण चूकच. ही गोष्ट मुलांसमोर कबूल करायला मला बराच वेळ लागला.

मग काय करायचं?

भावाने मकाव घेतला नाही. भाच्याला त्या पैशांतल्या थोड्या पैशांत चांगली दुर्बीण मिळाली. एका रविवारी सकाळी आम्ही एम्प्रेस गार्डनला गेलो. जुन्या झाडाच्या ढोलीतून पोपटाची मादी डोकं बाहेर काढून बघत होती. भाच्याने दुर्बिणीतून तिला बराच वेळ पाहिलं आणि शेवटी म्हणाला, "इसका नाम पोपट ही सही है."

वाचक भगिनी-बंधूंनो, तुमच्याही घरी कदाचित मिठू असेल. त्याला एकदम खिडकीतून सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी अन्न शोधू शकत नाही, लांब उडू शकत नाही, मांजर-कावळ्यांच्या तावडीत सापडतो. महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि पक्षी त्यांच्याकडे द्या. मकाव किंवा दुसरा परदेशी पक्षी आधीच घरात असेल तर नोंदणीचं विचारा, राहिली असेल तर वन विभागाशी बोला, आणि आपल्यानंतर त्याला कोण सांभाळेल ते आजच ठरवा. अजून घेतला नसेल तर घेण्याआधी घरातल्या सगळ्यांत लहान मुलाचं वय मोजा आणि त्यात पन्नास मिळवा.

हजरत सुलेमान (अ.) यांना अल्लाहने पक्ष्यांची बोली शिकवली होती. आपल्याला ती येत नाही. आपण निदान त्यांची नावं नीट घेऊ या.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहून आणला. आता वाक्य असं होतं, 'माझा आवडता पक्षी मकाव आहे. तो ब्राझीलला राहतो. मी त्याला तिथेच भेटायला जाणार आहे.' मी दहापैकी नऊ गुण दिले. एक ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसाठी कापला.